घर दोघांच्या नावावर, चूल वेगळी : विभक्त महिलेने शासकीय लाभ कसे मागावेत

नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन उभी राहते, तेव्हा तिला हमखास एक प्रश्न विचारला जातो : ‘घराला तर तुमचं नाव दिसतंय, मग तुम्ही निराधार कशा?’ या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ते ठाऊक नसल्यामुळे काही जणी अर्ज न देताच परत गावी जातात, आणि काही जणी त्याहून मोठी चूक करतात, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून घरावरचे आपले नावच कमी करून देतात. दरमहा दीड हजार रुपयांच्या अनुदानासाठी अर्ध्या घरावर पाणी सोडा, असे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत आता अशी घरे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायत हद्दीतील घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असा शासन निर्णय २००३ मध्ये निघाला, आणि प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुलही पत्नीच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावे मंजूर होत असते. या नोंदी झाल्या त्या संसार सुरळीत चालू असताना; तो मोडल्यावर त्या नोंदींचा अर्थ काय लावायचा, हे मात्र बाईलाही कोणी समजावून सांगितलेले नसते आणि पुष्कळदा टेबलामागच्या माणसालाही नसते. असे अर्ज लिहून देणे हे माझे नेहमीचे काम असल्याने, ज्या क्रमाने कागद जमवले असता हेलपाटे कमी होतात, त्या क्रमाने येथे लिहीत आहे.

घर वेगळे, उत्पन्न वेगळे

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून आहे. ६५ वर्षांखालील, किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणाऱ्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या महिला तिच्यात बसतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे, ही तिची मुख्य अट आहे, आणि जुलै २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले आहे. ही योजना मोजते ते उत्पन्न. स्वतः राहण्याच्या घरातून उत्पन्न येत नाही. घरपट्टी तेवढी जाते. म्हणून ‘घर नावावर आहे’ एवढ्याच कारणाने अर्ज नाकारला जात असेल, तर ‘या घरातून अर्जदारास कोणतेही उत्पन्न नाही’ असे लेखी सांगणे हे त्याचे उत्तर आहे.

याला एक पुरवणी जोडावी लागते. घराच्या पुढच्या बाजूला गाळा असेल, तो भाड्याने दिलेला असेल आणि त्या भाड्यातील काही रक्कम बाईच्या हातात पडत असेल, तर ते उत्पन्न आहे आणि ते दाखवलेच पाहिजे. पूर्ण भाडे नवरा घेत असेल, तर तसे लिहावे. शेताचेही तेच. १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या शासन निर्णयामुळे अनेक सातबाऱ्यांवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागले. आता नवराच पेरतो, नवराच सोयाबीन आडतीवर घालतो, आणि पट्टी त्याच्याच नावावर निघते, तरी तलाठी मात्र सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून बाईचे उत्पन्न धरतो. शेत कोण वहितो, माल कोण विकतो आणि पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, या तीन गोष्टी जबाबात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय तलाठ्यापुढून उठू नये. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, गावात अजून कोणी तसे म्हणत नाही, पण अर्जावर नवे पदनाम लिहिलेले बरे.)

घरकुल योजनेची गोष्ट मात्र उलटी आहे, कारण ती घरच पाहते. पक्क्या घराच्या नोंदीत नाव असताना दुसरे घरकुल मागितले, तर ते नाव आड येणारच, आणि ते लपवून मंजुरी मिळवली, तर पुढे वसुली मागे लागू शकते. दीड हजाराचा अर्ज आणि घरकुलाचा अर्ज या दोहोंना एकच नियम लागतो असे समजून दोन्ही एकदम देऊ नयेत.

आधी नोंदीची नक्कल, मग बोलणे

घरात भांडण पेटल्यावर कागद मिळणे अवघड होते. म्हणून वेगळे राहायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून घराच्या नोंदीचा, म्हणजे नमुना ८ चा, सहीशिक्क्याचा उतारा घ्यावा. उतारा हातात आल्यावर मालकाच्या नावाचा आणि भोगवटादाराच्या, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या, नावाचा असे दोन रकाने वेगवेगळे वाचावेत. अनेक उताऱ्यांत मालक म्हणून पतीचे नाव, त्याखाली ‘व’ लिहून पत्नीचे नाव असते. काही ठिकाणी पत्नीचे नाव केवळ भोगवट्याच्या रकान्यात असते, आणि बाई मात्र वर्षानुवर्षे आपण मालकीण आहोत असे धरून चाललेली असते. घर क्रमांक, लांबी-रुंदी आणि बांधकामाचा प्रकार हेही पाहावे, कारण ‘माती-पत्रा’ लिहिलेले घर आणि ‘आरसीसी’ लिहिलेले घर यांच्याकडे चौकशी करणारा एकाच नजरेने पाहत नाही.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे. त्यामुळे घर विकत घेतलेले असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची नक्कल आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या नोंदणीचा गोषवारा, काढावी. शहरात असेल, तर नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेची सनद मिळाली असेल, तर तिची प्रत. घरपट्टी आणि पाणीपट्टी आपण भरली असेल, तर पावती स्वतःच्या नावाने फाडून घ्यावी. पावत्यांचा तो जुडगा पुढे घराच्या दाव्यातही उपयोगी पडतो.

वेगळे राहण्याचा पुरावा

न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा असेल, तर प्रश्नच नाही. त्याची प्रमाणित प्रत लावावी. दावा चालू असेल, तर अर्जाची प्रत आणि पुढील तारखेचा कागद लावावा. खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत मोठा : नवऱ्याने टाकली, कोर्टात कोणीच गेले नाही, आणि चार पंचांसमोर शंभराच्या मुद्रांकावर काडीमोड लिहून घेतली. अशा कागदावर दोघांच्या सह्या आणि अंगठे असले, तरी त्याने विवाह कायद्याने संपत नाही. समाजाच्या रूढीने होणारा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याने मान्य केला आहे हे खरे. पण तशी रूढी खरोखर आहे हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर पडतो. म्हणून असा कागद असलेल्या महिलेने अर्जात स्वतःला ‘घटस्फोटित’ असे लिहू नये, ‘परित्यक्ता’ असे लिहावे. एका शब्दाच्या या फरकाने परत आलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत; ‘घटस्फोटित’ लिहिले की हुकूमनामा मागितला जातो, आणि तो तर नसतो. काडीमोडीचा कागद टाकून मात्र देऊ नये. कोणत्या तारखेपासून दोघे वेगळे राहतात, हे तो कागद सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो जोडावा.

त्या कागदात घराबद्दल काय लिहिले आहे, हे तीनदा वाचून घ्यावे. ‘यापुढे घरादारावर, शेतीवर कसलाही हक्क सांगणार नाही’ हे वाक्य काडीमोडीच्या मसुद्यात जवळपास ठरलेले असते. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. पंचांपुढच्या मुद्रांकाने तो हक्क जात नाही. तरी तो कागद दाखवून ग्रामपंचायतीत नाव कमी करण्याचा अर्ज दिला जाऊ शकतो, म्हणून ‘माझ्या नावात बदल करण्यास माझी हरकत आहे, मला नोटीस दिल्याशिवाय व माझे म्हणणे ऐकल्याशिवाय नोंदीत बदल करू नये’ असा दोन ओळींचा अर्ज आधीच देऊन पोच घेऊन ठेवावी.

परित्यक्ता असल्याच्या दाखल्यासाठी गावात चौकशी होते. चौकशीला येणाऱ्याच्या हातात आपले प्रतिज्ञापत्र असले, तर पंचनामा त्याच वळणाने लिहिला जातो. मी साधारण असा मजकूर लिहून देते :

‘मी शपथेवर लिहून देते की, माझे पती यांच्यापासून मी दि. … पासून विभक्त राहत असून त्यांच्याकडून मला व माझ्या दोन अपत्यांना कोणतीही पोटगी अथवा खर्च मिळत नाही. मौजे … येथील घर क्रमांक … ची नोंद माझ्या व पतीच्या संयुक्त नावे आहे. सदर घरातील पूर्वेकडील एका खोलीत मी स्वतंत्र चूल मांडून राहते. सदर घरापासून मला भाडे अथवा अन्य कोणतेही उत्पन्न नाही. मी मजुरी करून उदरनिर्वाह करते.’

घर आपल्या ताब्यात नसेल, तर चुलीच्या वाक्याऐवजी ‘सदर घराचा ताबा पतीकडे असून मी माहेरी राहते’ असे लिहावे. घराचा उल्लेख टाळू नये. तो आपणच केला, तर लपवल्याचा आरोप होत नाही आणि वरचा प्रश्नही तोंडी राहत नाही. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. ते साध्या कागदावर चालते, त्यामुळे पाचशेचा मुद्रांक आणायला सांगणाऱ्याला तसे नम्रपणे सांगावे.

एका छताखाली दोन चुली

बाई माहेरी गेलेली असेल, तर वेगळे राहणे उघड दिसते. पण घर दोघांचे असल्यामुळे ती त्याच घरात, मधे पत्र्याचा आडोसा घालून राहत असेल, तर चौकशी करणारा ‘पती-पत्नी एकत्र’ असे लिहून मोकळा होतो, नवऱ्याची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाते आणि अर्ज बाद होतो. येथे दिसणाऱ्या गोष्टी कामाला येतात. आपल्या खोलीला वेगळे दार आहे का, ते परसाकडून का होईना. चूल किंवा गॅस जोडणी वेगळी आहे का. किराणा दुकानातील उधारीची वही कोणाच्या नावाची आहे. मुलांच्या शाळेची फी कोण भरते. विजेचा मीटर बहुधा एकच असतो आणि बिल नवऱ्याच्या नावाने येते, त्यामुळे त्याचा फार उपयोग होत नाही. पंचनाम्यात शेजारच्या दोघांचे जबाब घ्यावेत. भावकीतला एखादा साक्षीदार मिळाला, तर त्याचे वजन अधिक, पण तो मिळणे कठीण, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला सांगायला नको.

त्याच घरात राहताना मारहाण होत असेल किंवा बाहेर काढण्याची धमकी असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा हाताशी आहे. त्याच्या कलम १७ नुसार सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळतो, मग घरावर नाव असो वा नसो, आणि कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी निवासाचा आदेश देऊ शकतात. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. त्या अर्जाची प्रत संजय गांधीच्या अर्जाला जोडली, तर विभक्त असल्याचा तो एक चांगला पुरावाही होतो.

रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला

नवऱ्याच्या रेशनकार्डावर नाव असेपर्यंत कागदोपत्री कुटुंब एकच राहते. म्हणून पुरवठा शाखेत अर्ज करून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा आणि स्वतःचे व मुलांचे स्वतंत्र कार्ड मागावे. नवरा कार्ड देत नसेल, तर तसे अर्जात लिहून चौकशीची मागणी करावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार १८ वर्षांवरील ज्येष्ठ महिलाच कार्डावर कुटुंबप्रमुख असते, तेव्हा ‘घरात पुरुष माणूस नाही’ ही हरकत चालत नाही. घर क्रमांक तोच राहिला, तरी कार्ड वेगळे होऊ शकते. त्यासाठीच चुलीचा पंचनामा. माहेरी राहणाऱ्या बाईला पुष्कळदा वडिलांच्या कार्डात नाव घालून घे असे सुचवले जाते. धान्य लवकर सुरू होते हे खरे, पण त्याबरोबर वडिलांचे शेत आणि भावाची कमाईही तिच्या कुटुंबाच्या उत्पन्नात येऊन बसते. माझ्या मते थोडा उशीर झाला तरी स्वतंत्र कार्डच करावे.

केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांत धान्याऐवजी माणशी रोख रक्कम खात्यात दिली जाते. नवऱ्याच्या अशा कार्डावर बायको-मुलांची नावे राहिली, तर त्यांच्या वाट्याचे पैसेही त्याच कार्डामागे जातात, हेही नाव कमी करून घेण्याचे एक कारण.

उत्पन्नाच्या दाखल्यावर लाभ मिळणे न मिळणे ठरते. २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कोणाचे भागत नाही हे अधिकारीही जाणतात, पण मर्यादा तीच आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा दुसऱ्या कामासाठी पूर्वी नवऱ्यासह कुटुंबाचा काढलेला दाखला असेल, तर तो या अर्जाला लावू नये; विभक्त झाल्यानंतरच्या उत्पन्नाचा, स्वतःच्या नावाचा नवा दाखला महा ई-सेवा केंद्रातून मागवावा. हा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो, त्यामुळे मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते. अर्जाची पावती जपावी.

पोटगीचे गणित

पोटगी मिळते म्हणून अनुदान मिळणारच नाही, असे नाही. पोटगी न मिळणाऱ्या किंवा योजनेच्या मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या महिला पात्र आहेत. न्यायालयाने दरमहा १,५०० रुपये मंजूर केले, तर वर्षाचे १८,००० होतात आणि, दुसरे उत्पन्न नसल्यास, बाई मर्यादेत राहते. २,००० मंजूर झाले, तर २४,००० होऊन ती बाहेर जाते. मात्र आदेश २,००० चा आहे आणि नवऱ्याने एकही हप्ता भरलेला नाही, ही परिस्थिती फार सामान्य आहे. तेव्हा वसुलीसाठी केलेल्या अर्जाची प्रत आणि बँक पासबुकाच्या नोंदी लावून ‘आदेश आहे, रक्कम नाही’ हे दाखवावे.

पोटगीचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. पूर्वीचे कलम १२५ हेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यात संयुक्त घर दोघांनीही दाखवायचे असते. तहसीलात एक आणि न्यायालयात दुसरेच लिहिले, तर समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचून दाखवतो.

लाडकी बहीण योजनेचा लाभ चालू असेल, तर दुसऱ्या योजनेतून १,५०० रुपये किंवा अधिक घेणारी महिला तिच्यात बसत नाही, हे लक्षात घेऊन दोहोंपैकी एकच लाभ ठेवावा. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे, म्हणून जिचा दाखला २१,००० च्या वर जातो तिने ती सोडू नये. नव्या नोंदणीची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली असल्यामुळे तेव्हा राहून गेलेल्या बाईला संजय गांधी हाच मार्ग उरतो.

घराचा निकाल घाईने लावू नये

‘सही कर, घरातून नाव निघालं की तुला निराधारचे पैसे सुरू होतील’ असे सांगणारा माणूस बहुधा घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहत असतो. घर विकून वाटणी घ्यायची, आपला हिस्सा नवऱ्याला देऊन रक्कम घ्यायची, की ताबा ठेवायचा, हे पोटगीच्या आणि मुलांच्या प्रश्नाबरोबर ठरवावे. हिस्सा विकून एकरकमी पैसा खात्यात आला, तर चौकशीत तोही दिसतो. विवाहविषयक मालमत्तेचे वाद, पोटगी आणि घटस्फोट यांसाठी महिलांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. मदतीचा दूरध्वनी १५१०० आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला वेळापत्रक सांभाळावे लागते. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडील टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. चौकशीला कोणी आले आणि दाराला कुलूप दिसले, तर ‘अर्जदार गावी राहत नाही’ असा शेरा पडतो. अर्ज शक्यतो पावसाळ्यात द्यावा, आणि जावे लागलेच, तर कारखान्यावर गेल्याचे व परतण्याच्या महिन्याचे पत्र तलाठ्याकडे देऊन पोच घ्यावी.

अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागावे. ‘घर नावावर’ एवढेच कारण असेल, तर नमुना ८ चा उतारा, उत्पन्नाचा दाखला आणि वर दिलेले प्रतिज्ञापत्र जोडून फेरविचाराचा अर्ज ज्या समितीने अर्ज नाकारला तिच्याकडेच करावा, आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी. मंजूर झाला, तरी ठरल्या मुदतीत हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. त्या वेळी घराच्या ताब्यात बदल झाला असेल, नवऱ्याने कुलूप लावले असेल किंवा न्यायालयाने खोली मिळवून दिली असेल, तर तोही त्याच कागदावर नोंदवून घ्यावा.